मान म्हणजे काम : जुन्या जळगावचा रथ आणि आपली दिंडी
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात रावेर मुक्कामी झालेले भाषण)





आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. शताब्दी साजरी करायची म्हणजे नेमके काय करायचे, असा प्रश्न गेले वर्षभर बैठकीत निघतो आहे. मंडप घालू, सप्ताह बसवू, महाप्रसाद करू, जुन्या वारकऱ्यांचा सत्कार करू, स्मरणिका काढू. हे सगळे ठरले, आणि होतेही आहे. चांगलेच आहे. पण मंडप उतरला, भांडी घासून परत गेली, आणि दुसऱ्या दिवशी काय उरले, हे कोणी विचारले तर काय सांगणार? आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा हाच विषय घ्यावा असे वाटले. उत्तर आम्ही पोथीतून काढलेले नाही. ते आपल्याच जिल्ह्यात, रस्त्यावर, लाकडी चाकांवर चालताना दिसते. रावेर स्टेशनात गाडीत बसले की भुसावळ मागे टाकून पुढे जळगाव. त्या जळगावातही नव्या कॉलन्या सोडा, जुन्या जळगावात चला. तिथल्या रथाविषयी आज थोडे बोलू, आणि मग आपल्या दिंडीकडे येऊ.

जळगाव आज जिल्ह्याचे मोठे शहर. पण ते जिल्ह्याचे ठिकाण झाले १९०६ साली, खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा. त्याआधी त्याला वाढवले कापसाने आणि रेल्वेने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्या काळ्या जमिनीतल्या कापसाला भाव आला. आगगाडी त्याच सुमारास खान्देशात पोहोचली. व्यापारी आले, हमाल आले, सराफ आले, दाणाबाजार भरू लागला. पण गाव त्याच्याही आधी होते. कोल्हे वाडा, चौधरी वाडा, तेली चौक, भिलपुरा ही नावे बघा. नावातच माणसे आहेत. कोण कुठे राहात होते, कोण काय काम करत होते, ते गल्लीच्या नावात लिहून ठेवलेले आहे. धाब्याची घरे, पुढे ओटा, ओट्यावर संध्याकाळी बसलेली म्हातारी माणसे. खान्देशातली जुनी पेठ अशीच असते. आपल्या रावेरची, सावद्याची, फैजपूरची काही वेगळी नाही.

या जुन्या जळगावात ग्रामदैवत श्रीरामाचे मंदिर आहे. तिथे अप्पा महाराज होऊन गेले. त्यांनी १८७२ साली कार्तिकी एकादशीला रामाचा रथ काढला. २०२२ मध्ये त्या रथाला दीडशे वर्षे झाली. आपली दिंडी शंभराची, तर तो रथ आपला वडील भाऊच म्हणायचा. आणि नाते नुसते वयाचे नाही. रामाच्या रथापुढे मुक्ताईच्या पादुकांची पालखी चालते. टाळकरी असतात, भजन असते. त्याच राममंदिरातून आषाढीला मुक्ताईची पालखी पंढरपूरला जाते. म्हणजे राम, मुक्ताई आणि विठोबा यांची तिथे वाटणी झालेली नाही. एकाच दारातून तिघांचे काम चालते.

आता कोणी विचारेल, कार्तिकी एकादशीला तर वारकरी पंढरपुरात असतो, मग त्याच दिवशी गावात रथ कशाला? आम्हाला यात मोठा विचार दिसतो. गावातले सगळेच वारीला जात नाहीत. कोणाच्या घरी बाळंतीण, कोणाचा कापूस वेचणीला आलेला, कोणाचे पाय चालत नाहीत. त्यांची एकादशी कोरडी जाऊ नये. जळगावला लागूनच पिंप्राळा आहे, आता शहरातच आले. तिथे १८७५ पासून आषाढी एकादशीला पांडुरंगाचा रथ निघतो. ज्याला पंढरपूरला जाता आले नाही, त्याच्या दारात पांडुरंग येतो. वारकरी देवाकडे चालत जातो, आणि रथ देवाला गल्लीत घेऊन येतो. एकाच रस्त्याची ही दोन टोके आहेत.

जळगावचा हा उत्सव एका दिवसाचा नाही. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज संध्याकाळी रामाचे वहन निघते. कधी घोडा, कधी हत्ती, कधी सिंह, कधी सरस्वती, चंद्र, सूर्य, गरुड, मारुती. लाकडाची ही वहने आहेत. रोज नवे वहन, रोज गल्लीगल्लीतून फेरी. आणि वहनाची पानसुपारी ठरलेल्या घरी होते. हा शब्द आपण लग्नकार्यात वापरतो, तोच इथे देवासाठी. वहन दारी येते, ओट्यापुढे भजन होते, घरची माणसे आरती करतात, आलेल्याला पानसुपारी देतात, आणि वहन पुढे जाते. यात खर्च फार नाही. पण त्या घरातल्या सुनेला आठ दिवस आधीपासून ठाऊक असते की अमुक तिथीला आपल्या दारी वहन येणार आहे. ओटा सारवायचा आहे, रांगोळी काढायची आहे. घर छोटे की मोठे, हा प्रश्न नसतो. पाळी आली की देव त्या घरचा पाहुणा.

आणि एकादशीला रथ. उंच, जड, लाकडी. पुढे लाकडी घोडे जोडलेले. अंगावर केळीचे खांब, फुलांच्या माळा. या रथाला ना सुकाणू, ना ब्रेक. दोर ओढणारे शेकडो हात असतात, पण ओढणे सोपे आहे हो. ओढायला जोर लागतो, आणि जोर तर गर्दीकडे असतोच. अवघड आहे ते थांबवणे आणि वळवणे. ते काम मोगरीवाल्यांचे. मोगरी म्हणजे चाकाखाली घालायचा लाकडी ठोकळा. मोगरीवाला चाकाला खेटून चालतो. रथ थांबवायचा असेल तर चाकापुढे मोगरी घालतो. वळवायचा असेल तर एका बाजूच्या चाकाला अडवतो, रथ त्या अंगाला वळतो. अरुंद गल्ली, दोन्हीकडे ओटे, ओट्यांवर बायका-पोरे, वर विजेच्या तारा, आणि मधून हा डोंगर चाललेला. मोगरी अर्धी वीत इकडेतिकडे झाली तर कोणाचा पाय गेला, कोणाचा ओटा गेला. हे काम पुस्तकात वाचून येत नाही. वडिलांच्या नाहीतर काकांच्या मागे चार-सहा वर्षे चाकाजवळ चालायचे, नुसते बघायचे, मग एक दिवस हातात मोगरी मिळते.

मंदिरातून निघालेला रथ कोल्हे वाडा, चौधरी वाडा, तेली चौक, सराफ बाजार, दाणाबाजार, सुभाष चौक असा फिरत जातो, आणि भिलपुऱ्यात येतो. तिथे लालशा बाबांची समाधी आहे. परंपरा असे सांगते की अप्पा महाराज आणि लालशा बाबा एका काळचे, आणि दोघांचा मोठा स्नेह. म्हणून रामाचा रथ तिथे थांबतो. समाधीवर चादर चढते, मुस्लिम बांधव रथाचे फुलांनी स्वागत करतात, आणि मग रथ पुढे निघतो. दीडशे वर्षांत देशात काय काय झाले, आपण ऐकतो, वाचतो. पण रथ तिथे थांबणार हे ठरलेले आहे. कोणाला आवडले म्हणून थांबतो आणि नावडले म्हणून थांबत नाही, असे नाही. दोन साधूंचा स्नेह होता, त्यांनी तो नुसता मनात ठेवला नाही, रथाच्या वाटेत घालून ठेवला. मनातली गोष्ट माणसाबरोबर जाते. वाटेत घालून ठेवलेली गोष्ट पुढच्या पिढीलाही चालावी लागते.

याच वाटेवर चौधरी वाडा. तिथल्या एका सुनेचे नाव आज साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. बहिणाबाई चौधरी. १८८० साली नागपंचमीला आसोद्यात जन्म, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला आली. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबायची, जात्यावर दळायची आणि दळता दळता गाणी रचायची. १९५१ साली ती गेली, आणि १९५२ मध्ये तिची गाणी पुस्तकात आली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. मुलाने आणि नात्यातल्या माणसांनी ती ऐकून उतरवून ठेवली होती म्हणून आपल्या हाती लागली. ज्या वाड्यात ती राहिली तिथे आज तिचे स्मृतिस्थान आहे. विद्यापीठाला तिचे नाव आहे. विचार करा, ती जिवंत असताना कार्तिकातल्या त्या दिवसांत ती काय होती? रथाच्या वाटेवरच्या वाड्यातली एक सून. इतर सुनांसारखीच ओटा सारवणारी. मोठेपण त्या गल्लीत सारवण्याच्या हातांत दडलेले होते, ते नंतर कळले. जुन्या पेठेचा वारसा म्हणतात तो हा. तो फक्त दगडाविटांचा नसतो.

आता मुद्द्यावर येतो. दीडशे वर्षे हा उत्सव टिकला तो कशावर? पैशावर म्हणाल तर पैसा येतो-जातो. भक्तीवर म्हणाल तर भक्ती खरीच, पण भक्ती घरात बसूनही करता येते. आम्हाला वाटते, तो टिकला मानावर. आणि मान या शब्दाचा अर्थ आपण अलीकडे विसरत चाललो आहोत. मान म्हणजे शाल-श्रीफळ, मान म्हणजे पुढची खुर्ची, मान म्हणजे पत्रिकेवर नाव, असे झाले आहे. जुन्या माणसांच्या बोलीत मान म्हणजे काम. मोगरीचा मान म्हणजे चाकाजवळ जीव मुठीत धरून चालायचे काम. पानसुपारीचा मान म्हणजे पहाटे उठून ओटा सारवायचे काम. दिवटीचा मान म्हणजे रात्रभर हात वर धरून उभे राहायचे काम. ज्याला मान आहे त्याला काम आहे, आणि ज्याला काम आहे तो दुसऱ्या गावी राहायला गेला तरी त्या दिवशी परत येतो. कारण तो आला नाही तर त्याची जागा रिकामी दिसते.

जुन्या जळगावातून किती कुटुंबे बाहेर गेली! महामार्गाकडे, रेल्वेच्या पलीकडे, नव्या कॉलन्यांत. काही पुण्याला, काही सुरतेला, काही परदेशात. धाब्याची घरे पाडून तिथे स्लॅबची दुकाने झाली. लाकडी खांब, कोनाडे, तुळया भंगारात गेल्या. पेठ पाहायला जाल तर पंचवीस वर्षांपूर्वीची पेठ सापडणार नाही. पण एकादशीला जा. त्या दिवशी ती परत भरते. बाहेर गेलेला माणूस लेकराला खांद्यावर घेऊन जुन्या ओट्याशी येऊन उभा राहतो आणि सांगतो, "हे बघ, इथे तुझी पणजी बसायची." घर राहिले नाही, तरी पत्ता राहिला.

असे रथ आपल्या खान्देशात कितीतरी. धुळ्याला खोल गल्लीतल्या बालाजीचा, पारोळ्याला बालाजीचा, चोपड्याला बालाजीचा. अमळनेरला बोरी नदीच्या काठी सखाराम महाराजांच्या यात्रेचा, वैशाखात. आपल्या रावेरला दत्तप्रभूंचा रथ निघतो, रेवड्यांची उधळण होते, आणि पोरे त्या रेवड्या झेलायला कशी धावतात हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे रथ ही काही परक्या गावची गोष्ट नाही. तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी दोराला हात लावला आहे.

मोठ्या शहरांतही लोक आता आपल्या जुन्या पेठा साजऱ्या करतात. मुंबईत काळा घोडा नावाचा भाग आहे, कोटाजवळ. तिथे १९९९ पासून दरवर्षी मोठा महोत्सव होतो. चित्रे, नाटके, गाणी, जुन्या इमारती दाखवत फिरणाऱ्या फेऱ्या. त्यातून आलेला पैसा त्या भागातल्या जुन्या वास्तूंच्या डागडुजीला लावतात. हे चांगले काम आहे, त्याला आम्ही नाव ठेवत नाही. दगड पडू न देणे हीही सेवाच. पण तिथे येणारा माणूस बघायला येतो. बघून झाले की घरी जातो. आपल्या रथात बघणारा आणि करणारा असे दोन वेगळे ठेवलेले नाहीत. बघायला आलेल्याच्या हातातही दोर येतो.

आता जरा लांब जाऊ. जपानमध्ये क्योटो नावाचे जुने शहर आहे. तिथे जुलै महिन्यात गिओन नावाचा उत्सव असतो, हजार वर्षांहून जुना. त्यातही उंच लाकडी रथ निघतात, आणि एकेक रथ एकेका आळीने सांभाळलेला असतो. त्यांच्या चाकांनाही सुकाणू नाही. चौकात वळायचे असले की चाकाखाली बांबूच्या कामट्या पसरतात, त्यावर पाणी ओततात आणि रथ बाजूला सरकवतात. चाकाजवळ लाकडी ठोकळे घेतलेली माणसे चालतात. म्हणजे त्यांचेही मोगरीवाले! यातल्या एका आळीचा नावेच्या आकाराचा रथ १८६४ सालच्या आगीत जळाला. त्या आळीने काय केले? रथ नाही म्हणून उत्सव सोडला नाही. आगीतून वाचलेली देवमूर्ती आणि साजशृंगार सांभाळला, उत्सवात तो मांडून ठेवला. आणि २०१४ साली, दीडशे वर्षांनी, नवा रथ बांधून मिरवणुकीत आणला. मधल्या पाच-सहा पिढ्यांनी आपला रथ चालताना पाहिलाच नव्हता. तरी त्यांनी आपली पाळी सोडली नाही. रथ जळाला, पण काम जळाले नाही, म्हणून रथ परत आला.

इतके लांब कशाला, आपणही हे पाहिले आहे. २०२० साली महामारीत सगळे बंद झाले. जळगावचा रथ त्या कार्तिकीला मोजकी पावले ओढला गेला आणि जागेवर आला. आषाढीला आपल्या मुक्ताईच्या पादुका निवडक वारकरी घेऊन एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. शेकडो वर्षे चालत गेलेली आदिशक्ती गाडीत बसून गेली. तेव्हा अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ती मोजकी पावले रथ ओढला, त्यालाही मोगरी लागलीच असेल. त्या मोजक्या वारकऱ्यांतही पादुका धरणारा, काकडा म्हणणारा, हरिपाठ म्हणणारा लागला. गर्दी गेली तरी चालते. कामे जाणणारी चार माणसे गेली, तर मात्र लाखाची गर्दी असून उपयोग नाही.

म्हणून आम्हाला काळजी वाटते ती गर्दी कमी होण्याची नाही. उलट गर्दी वाढते आहे. मोठमोठे फलक लागतात, त्यावर देवाचा फोटो बोटभर आणि पुढाऱ्यांचे हातभर. भजनाच्या जागी भिंतभर डीजे येतो, आणि टाळकऱ्याला स्वतःचा टाळ ऐकू येत नाही. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, फोटो काढायला हात वर, मग दोराला कोणता हात लावणार? हे कोणा एका गावचे नाही, आज सगळीकडचे आहे. पोरांना दोष देऊन उपयोग नाही. पोरांना आपण काम दिले का? ज्या पोराच्या हातात मोगरी आहे तो मोबाईल काढत नाही. काढूच शकत नाही. ज्याला काही काम नाही, तोच बघ्या होतो.

आता आपल्या दिंडीकडे या. दिंडी म्हणजे चालणारी पेठच आहे. जुन्या गावात जशी कामे वाटलेली, तशी दिंडीत वाटलेली. वीणा एकाच्या गळ्यात, ती खाली ठेवायची नाही. चोपदाराच्या हातात चोप, त्याने चोप उचलला की सगळे थांबले पाहिजेत. मृदंग, टाळ, पताका, तुळस. शिवाय न दिसणारी कामे. पहाटे तीनला उठून पाणी तापवणारा, राहुट्या ठोकणारा, ट्रकात सामान लावणारा, औषधाची पेटी सांभाळणारा, हिशेबाची वही लिहिणारा, पुढच्या गावी एक दिवस आधी जाऊन जागा बघणारा. मुक्ताईची वाट लांबची. बुलढाणा, जालना, बीड करत महिनाभर चालायचे. बीडला मुक्ताई आपल्या आजोबांना, गोविंदपंतांना भेटते. तिथल्या माउल्या नातीची वाट पाहतात. त्या वाटेवर आपल्याला रात्री कुठे टेकायचे, कोणत्या विहिरीचे पाणी गोड, कोणत्या गावी कोण भाकरी घालते, हे आपल्या आधीच्या माणसांनी पायाने शिकलेले आहे. बैलगाडीत सामान आणि हातात कंदील, अशा दिवसांत त्यांनी ही वाट बांधली.

आणि आज? आमच्या दिंडीत मृदंगाला दोनच हात आहेत, आणि दोघांचीही साठी उलटून गेली आहे. काकड्याचे अभंग चालीत म्हणणारे पाच-सहाच. जागा बघायला पुढे जाणाऱ्या बाबांना सगळी गावे, सगळी घरे तोंडपाठ आहेत, पण ती त्यांच्या तोंडातच आहेत, कुठे लिहिलेली नाहीत. ज्यांनी दिंडीला पन्नास वर्षे जेवू घातले अशी घरे आहेत. तिथल्या म्हाताऱ्या गेल्या की नव्या सुनेला आपण कोण हे ठाऊक नसते, आणि आपल्यालाही तिचे नाव ठाऊक नसते. दोन्हीकडून धागा एकदमच तुटतो. शंभर वर्षांची दिंडी मोडायला मोठे संकट लागत नाही. दोन मृदंगाचे हात थकले आणि एक आठवण विझली की ती मोडली.

म्हणून शताब्दीच्या या व्यासपीठावरून आमची हात जोडून विनंती आहे. सत्कार जरूर करा, पण प्रत्येक सत्काराबरोबर एक शिष्य उभा करा. विणेकऱ्याला शाल दिली, तर त्याच्या शेजारी वीणा धरायला शिकणारा एक तरुण त्याच मंडपात उभा असला पाहिजे. मृदंगाचार्यांना श्रीफळ दिले, तर त्यांच्यासमोर उद्यापासून हात धरून बसणारी दोन पोरे हवीत, आणि मुली शिकायला आल्या तर आणखी आनंद. चोपदाराच्या मागे एक, स्वयंपाकाच्या माउलीच्या मागे एक सून, हिशेबाच्या वहीशेजारी एक शिकलेला मुलगा. जागा बघणाऱ्या बाबांबरोबर या आषाढीला एकाने पुढे जावे, आणि गाव, घर, विहीर, यजमान यांची नावे वहीत उतरवावीत. एका जळगावच्या सुनेची गाणी कोणीतरी उतरवून ठेवली म्हणून वाचली. आपली वाटसुद्धा कोणीतरी उतरवली तरच वाचेल.

पोरे शहरात नोकरीला आहेत, त्यांना महिनाभर सुट्टी मिळत नाही, असे म्हणाल. खरे आहे. पण जुन्या जळगावातून बाहेर गेलेला माणूसही महिनाभर येत नाही. तो त्याच्या कामाच्या दिवशी येतो. आपल्या पोरांना महिना मागू नका. तीन दिवस मागा, पण त्या तीन दिवसांत त्यांच्या अंगावर नेमके काम टाका. "ये रे, दर्शनाला ये" असे म्हटले तर तो म्हणेल, बघू. "तू आला नाहीस तर बीडच्या मुक्कामी पाण्याचं कोण बघणार?" असे म्हटले, तर तो रजा काढून येईल. माणूस बोलावण्याने येत नाही, गरजेने येतो. त्याची गरज आहे हे त्याला कळू द्या.

आणखी एक. भिलपुऱ्यात रथ थांबतो, तसे आपल्याही वाटेवर थांबण्याच्या जागा आहेत. वेगळ्या जातीची, वेगळ्या धर्माची घरे, ज्यांनी आपल्याला पाणी दिले, रात्री अंगण दिले, पावसात शाळेचे नाहीतर गोडाऊनचे दार उघडून दिले. त्या जागी आपली दिंडी थांबतच राहिली पाहिजे. वेळ कमी आहे, रस्ता बदलला, चौपदरी झाला, म्हणून त्या जागा सोडू नका. पाच मिनिटे थांबा, एक अभंग म्हणा, घरातल्या मोठ्यांच्या पाया पडा आणि पुढे चला. आधीच्यांनी जो स्नेह वाटेत घालून ठेवला, तो सोडायचा अधिकार आपल्याला नाही.

शेवटी इतकेच. शंभर वर्षे झाली हा आनंद मोठाच, पण शंभर वर्षे आधीच्यांनी चालवली. आपल्या नावावर त्यातली थोडीच. आपल्या वाट्याला आले आहे ते एकशे एकावे वर्ष. ते आपले. उद्या सकाळी काला झाला की मंडपातच वही उघडून ठेवलेली असेल. एका बाजूला दिंडीतल्या कामांची नावे लिहिलेली आहेत, समोरची जागा रिकामी आहे. आज जे काम करतात त्यांनी आपल्या कामासमोर शिकणाऱ्याचे नाव घालावे, आणि ज्यांच्याकडे काम नाही त्यांनी एक काम मागून घ्यावे. कोणतेही लहान नाही. पाणी तापवणे लहान नाही आणि पत्रावळी उचलणे लहान नाही. ज्याचे नाव त्या वहीत चढेल, त्याला दिंडीचा मान मिळाला असे आम्ही समजू.



पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, आदिशक्ती मुक्ताबाई माता की जय!